मोकाशीचं दुखणं

“और कोई दवा तो नहीं दी, अंकल?” डॉ. गरिमांनी विचारलं.

“नहीं,” गोपाळकृष्ण कुंटे म्हणाले आणि टेबलावरच्या टॉवेलाचं टोक उगाच सारखं करू लागले.

टॉवेलात मोकाशी पडला होता. सात वर्षांचा फेरेट, मुंगसासारखा लांबुडका, आता नुसती कातडी आणि मिशा. नात हर्षितानं त्याला दिल्लीहून आणला तेव्हा त्याचं नाव मोका होतं. आजोबांनी एका दिवसात त्याचा मोकाशी केला. “कुंट्यांच्या घरात राहायचं तर आडनाव नको का?” यावर त्यांच्या पत्नी इंदुताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. पुढे हर्षिता नोकरीसाठी नोएडाला गेली. दोन वर्षांपूर्वी इंदुताई गेल्या. मुलगा-सून इंदूरला, फोनवर बोलायचे ते हिंदीतच. ग्वाल्हेरच्या गोरखीतल्या त्या दोन खोल्यांत मराठी बोलायला एक मोकाशीच उरला होता. दिवसातले सोळा तास तो झोपायचा, त्यामुळे वाद असा कधी झाला नाही.

दीड महिन्यापासून त्याचं पोट बिघडलं होतं. आधी आठवड्यातून एखाद्या वेळी, मग रोज. खायला दिलं की जवळ यायचा, हुंगायचा, दात खायचा आणि पंजांनी तोंड घासत मागे सरायचा. सव्वा किलोचा जीव पाऊण किलोवर आला होता.

“पुराना तो है, लेकिन इन चार दिनों में एकदम पानी जैसा कैसे हो गया?” डॉक्टरीणबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “इन्फेक्शन ही होगा. तेज़ दवा शुरू करते हैं.” त्या लिहू लागल्या.

कुंट्यांचे कान तापले. अजून गप्प बसलो तर भलतंच औषध याच्या पोटात जाईल, हे त्यांना कळत होतं.

“रुकिए. दी है. मैंने दी है.”

त्यांनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. बद्धकोष्ठाचं औषध होतं ते, पोट साफ करणारं.

“ये किसने बताया आपको?”

“किसीने नहीं. नई सडक पे दुकान में मैंने कहा, जुलाब की दवा दे दो, छोटे बच्चे के लिए. हमारे मराठी में जुलाब माने दस्त, हिंदी में जुलाब माने पेट साफ करने की दवा. दुकानवाले की गलती नहीं है. मैंने जो माँगा, वही दिया उसने. आज सुबह चश्मा लगाके पढ़ा.”

जन्म ग्वाल्हेरचा, शिक्षण खात्यात छत्तीस वर्षं हिंदीत फायली लिहिलेल्या. दस्त हा शब्द काय त्यांना ठाऊक नव्हता? पण दुकानात गेले त्याच्या आदल्या रात्रभर ते मोकाशीशीच बोलत बसले होते, “जुलाब थांबत नाहीत रे तुझे.” घरातलं कुणी आजारी पडलं की तोंडात घरचाच शब्द येतो. माणसाची चूक झाली तरी किती साधी!

डॉ. गरिमा रागावल्या नाहीत. लिहिलेला कागद फाडून त्या म्हणाल्या, “अच्छा हुआ बता दिया.”

बाटली बंद झाली, सलाईन दिलं. तीन दिवसांत पाण्यासारखं होणं थांबलं, पण शी काळी, चिकट होत राहिली आणि वजनही उतरतच राहिलं. आता बिघाड कुठे आहे ते उघडं पडलं. सोनोग्राफीत आतड्यावर गाठ दिसली.

“मेरी दवा से?” कुंट्यांनी विचारलं.

“नहीं अंकल. ये महीनों पुरानी है.”

“लेकिन वो चार दिन तो मेरे थे.”

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

गोळ्यांनी तीन आठवडे बरे गेले. ज्या स्वयंपाकघरात कधी अंडं फुटलं नव्हतं तिथे कुंटे नाकाला पंचा लावून कोंबडी शिजवत, वाटत आणि बोटावर घेऊन त्याला चाटवत. मग एका सोमवारी त्यानं बोटही चाटलं नाही. डॉ. गरिमांनी तपासून सांगितलं की आता त्याला नुसता त्रास आहे. कुंट्यांनी हर्षिताला फोन लावला. ती बराच वेळ रडली आणि म्हणाली, “आजोबा, अब मत खींचिए उसको.”

“आप बाहर बैठिए,” इंजेक्शन भरताना डॉ. गरिमा म्हणाल्या.

“नहीं.”

त्यांनी मोकाशीला मांडीवर घेतलं आणि तोंड त्याच्या कानाशी नेलं. “मोकाशी, चार दिवस तुला उगाच त्रास दिला रे. शब्द चुकला माझा. वाईट नको मानूस.” आणखीही पुष्कळ सांगितलं, इंदुताईंचं, हर्षिताचं, मनात साठलेलं सगळं. सुई टोचली तेव्हाही त्यांचं बोलणं थांबलं नाही. डॉक्टरीणबाईंनी नळी लावून ऐकलं आणि मान हलवली, त्यानंतरही ते थोडा वेळ बोलतच होते.

ते थांबल्यावर डॉ. गरिमांनी हलकेच विचारलं, “क्या कह रहे थे, अंकल?”

“कुछ नहीं,” कुंटे म्हणाले. “घर की बात थी.”