मायना आणि मुद्दा

"पहिली ओळ सोडून द्या, मास्तर. तो मायना झाला," भाऊ नक्कलनवीस म्हणाले.

आर्थर मास्तरांनी पुस्तक मिटलं. रविवारची प्रार्थना आटोपली की हे गावचेच ख्रिस्ती मास्तर आपल्या पडवीत दोघा मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत. एक भाऊ, वय बावन्न. दुसरा त्यांच्याच कचेरीतला पट्टेवाला काळुराम. मास्तरांचं स्वतःचं वय तेवीस. आज धडा हत्तीचा होता. हत्ती फार उपयोगी प्राणी आहे, तो ओंडके ओढतो, स्वाऱ्या नेतो, रोज नदीत आंघोळ करतो. यातला मुख्य मुद्दा कोणता, एवढंच मास्तरांनी विचारलं होतं.

"आंघोळ," भाऊ म्हणाले. "शेवटी आहे ना ती. पत्रात आधी साष्टांग नमस्कार, मग क्षेमकुशल, मग पाऊसपाणी. खरं काम 'कळावे'च्या अलीकडे."

"हत्तीनं पण भाऊंकडे आंघोळीचीच रजा मागितलेली," काळुराम म्हणाला.

"इंग्रजाला मायना नाय, भाऊ," मास्तर म्हणाले. "तो मुद्दा दारातच उभा करतो. मागच्या ओळी म्हणजे टेकू. एकेक ओळ बोटानं झाका. घर उभं राहिलं तर तो टेकू. पडलं तर तोच मुद्दा."

भाऊंनी आंघोळ झाकली. हत्ती उभा. ओंडके झाकले. उभा. पहिली ओळ झाकली, आणि हा प्राणी ओंडके कशासाठी ओढतोय तेच कळेना.

भाऊंच्या अंगावर काटा आला. ठाण्याला आगगाडी आली तिला तीस वर्षं होऊन गेली होती, आणि त्यातली सत्तावीस भाऊंनी इंग्रजी कागदांच्या नकला करण्यात घालवली होती. अक्षर असं, की साहेबलोक मूळ कागद देऊन नक्कल ठेवून घेत. अर्थ मात्र एकाही कागदाचा लागला नव्हता. दोन वर्षं मास्तरांकडे येऊन शब्द कळू लागले होते. कागद कळत नव्हता. आणि उद्या अकरा वाजता नव्या साहेबापुढे उभं राहायचं होतं. इंग्रजी कारकुनाची जागा रिकामी होती. अट एवढीच, की उमेदवारानं आपलं जुनं प्रशस्तिपत्र आणावं आणि त्यातला मुद्दा एका इंग्रजी वाक्यात सांगावा.

भाऊ घरी पोचले ते जवळजवळ पळतच. त्यांच्या पत्नी सुमतीबाई दारातच होत्या. "विहिरीचा दोर तुटलाय, दळण राहिलंय, आपल्या लेकीच्या सासरचं माणूस येऊन बसून गेलं, आणि तुम्हाला दहादा सांगून—"

"थांब. दोर झाकला तर काय राहतं?"

"काय झाकला?"

"यातला मुद्दा कोणता, ते सांग."

"मुद्दा हाच, की तुम्ही ऐकत नाही."

"बरोबर. इंग्रजीत तो आधी आला असता."

पुढची इंग्रजी ऐकायला सुमतीबाई थांबल्या नाहीत.

भाऊंनी भिंतीवरची चौकट उतरवली. जुन्या साहेबानं विलायतेला जाताना दिलेलं प्रशस्तिपत्र वीस वर्षं तिथं होतं. 'याचं भलं होवो' ही शेवटची ओळ भाऊ आल्यागेल्याला म्हणून दाखवत. आता त्यांनी काचेवर बोट ठेवलं. याचं अक्षर सुंदर आहे. टेकू. एकदा माझ्या कागदावर माशी चिरडली होती, यानं तिचीही नक्कल केली. टेकू. गुप्त कागद याच्या हाती निर्धास्त द्यावेत. हाही टेकू, जरा जाड. मग पहिली ओळ: 'या माणसाला इंग्रजी मुळीच कळत नाही.' भाऊंनी ती झाकली. सगळं कोसळलं.

"सापडला गं, सापडला," म्हणत भाऊंनी माजघरात एक फेरी मारली. काय सापडलं, हे दुसऱ्या फेरीला लक्षात आलं.

सोमवारी कचेरीच्या पायरीवर काळुरामनं सगळं ऐकून घेतलं. "शेवटची ओळ सांगून मोकळे व्हा ना, भाऊ. साहेबाला कुठं वेळ आहे एवढं बघायला? खोटी थोडीच आहे ती?"

"खोटी नाही रे. टेकू आहे."

साहेबानं पत्र वाचलं, भाऊंकडे पाहिलं. शेजारी शिरस्तेदार उभे होते. भाऊंनी घसा साफ केला आणि पहिली ओळ इंग्रजीत खणखणीत म्हटली. मग एक दम घेऊन आपल्या पदरची जोडली: "हे आता खरं नाही, सर."

साहेबानं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. ते खाली पत्रावरून फिरलं, परत वर आलं.

"बरोबर," तो म्हणाला. "जागा तुमची. आणि मग गुप्त कागदांच्या कपाटाची किल्ली यापुढे तुमच्याकडे राहू शकत नाही. कागद कळणाऱ्याकडे ती देत नाहीत."

भाऊ हसत होते. हसतच त्यांनी अंगरख्याचे बंद सोडले. किल्ली वीस वर्षं जानव्याला बांधलेली होती; गाठ घामानं दगड झाली होती. नखं लागेनात. शिरस्तेदारांनी टेबलावरची कात्री पुढे केली.

"छे, जानवं आहे ते," भाऊ म्हणाले, आणि मान वाकवून गाठ उकलत राहिले.

साहेबानं घड्याळ काढलं, पाहिलं, आणि परत खिशात ठेवलं.