पडद्याला फुटलेली वाचा

"कळांकडे बघायचं नाही, पोरी. बोटांना आपलं घर सापडतं."

टंकलेखनाच्या वर्गातल्या सरांचा हा आवाज पस्तीस वर्षांपूर्वीचा, पण मावशींच्या कानात अजून ताजा होता. त्याच्याच जिवावर त्यांनी गेलं दीड वर्ष निभावून नेलं होतं.

मावशी इस्पितळाच्या पत्रांच्या खोलीत कामाला होत्या. डॉक्टर बोलून ठेवायचे, मावशी ते कानांनी ऐकून टाइप करायच्या. म्हणूनच कुणाला पत्ता लागला नव्हता, की त्यांच्या नजरेच्या ऐन मध्यावर एक राखाडी डाग बसलाय आणि जिथे बघावं तिथे तो आधीच जाऊन बसतो. जुन्या संगणकावर त्यांना बघावंच लागत नसे. खाली डावीकडून तिसरं चित्र म्हणजे पत्रं, वर कोपऱ्यातलं म्हणजे जतन करणं. वीज गेल्यावर आपल्याच घरात चालावं, तशा त्या चालत. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तेवढी निघाली की सुटले, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

आणि सोमवारी सगळ्या संगणकांवर नवी प्रणाली आली. घर तेच, पण दारं-खिडक्या कुणीतरी हलवून ठेवलेल्या.

पहिल्याच पत्राला फजिती झाली. मावशींनी सवयीने कळ दाबली, कानांवर हेडफोन चढवला आणि टाइप करत सुटल्या. संगणकांची देखभाल करणारा, ज्याला सगळे यंत्रोबा म्हणत, मागे येऊन उभा राहिला.

"मावशी, काय चाललंय?"

"पत्र चाललंय. गुडघ्याचं."

"अहो, ते शोधायच्या पट्टीत लिहिताय. अख्खं पत्र. बिचारा संगणक मघापासून गुडघा शोधतोय."

खोलीत हशा पिकला. "सापडला तर सांग रे," शेजारच्या टेबलावरची धाकटी म्हणाली. "हे जिने चढून माझेही दोन्ही हरवलेत."

मावशीही हसल्या. यंत्रोबाने मजकूर उचलून जागेवर नेऊन ठेवला. "पण एवढं समोर दिसत असताना..." असं काहीसं पुटपुटला आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली. मावशी उठल्या नाहीत. हाताला चाळा म्हणून रुमालाने कळा पुसत बसल्या. पुसता पुसता दोन-तीन कळा एकदम दाबल्या गेल्या, आणि कानावरच्या हेडफोनमधून कुणीतरी बोललं.

"पडदावाचक सुरू."

मावशींचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी भीत भीत बाणाची कळ दाबली. "पत्र. ओळ पहिली," आवाज म्हणाला, आणि सकाळी त्यांच्याच बोटांखालून गेलेले शब्द एकेक करून परत येऊ लागले. बाण खाली, की पुढची ओळ. बाण वर, की मागची. त्यांनी उगाचच कोपरे धुंडाळले, तर प्रत्येक चित्र आपलं नाव सांगू लागलं: छपाई, जतन, बंद करा. दीड वर्ष धुक्यात उभं असलेलं गाव एकेका दारातून ओ देत होतं. घाई नाही, कंटाळा नाही, दहादा विचारलं तरी दहादा तसंच उत्तर. हे कुणी रचलं असेल? कुठल्याशा खोलीत बसून, न पाहिलेल्या एका बाईच्या डोळ्यांची काळजी कुणी वाहिली असेल? मावशींनी पडद्याच्या कडेला हलकेच हात लावला, झोपलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा.

मग आवाज म्हणाला, "ओळ सातवी. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी."

पहिल्या ओळीत तर डावा होता. मावशींनी डॉक्टरांचं बोलणं पुन्हा लावलं. डावाच. हात चुकला होता. चूक नजरेने पकडायची असते, आणि नजर तर केव्हाच गेली होती. त्यांनी शब्द सुधारला, ओळ पुन्हा वाचून घेतली. बरोबर. क्षणभर हायसं वाटलं, आणि लगेच अंगावर काटा आला. हे एक सापडलं. दीड वर्षातल्या बाकीच्या पत्रांचं काय? ती तर सगळी निघून गेली.

दार वाजलं. खोलीच्या प्रमुख, मोठ्या बाई, हात पुसत आत आल्या.

"मावशी, जेवला नाहीत? नव्या संगणकाचं एवढं काय मनावर घेता? हात बसेल हळूहळू."

"संगणक चांगला आहे बाई. फार चांगला आहे." मावशींनी कानावरून हेडफोन उतरवला आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही बसा जरा. जुनी सगळी पत्रं पुन्हा तपासायला लागतील. दीड वर्ष झालं, मला अक्षर दिसत नाही. टाइप केलेलं एकही पत्र मी वाचलेलं नाही."