खिडकीचं कलम

आमच्या घराच्या बांधकामात भांडण झालं नाही, असं कुणी कौतुकाने म्हटलं की आजही माझं टाळकं सरकतं. झालं नाही हे खरं आहे. घरमालक आणि ठेकेदार यांच्यात एक वावगा शब्द गेला नाही, आणि म्हणूनच माझ्या स्वयंपाकघराला खिडकी मिळाली नाही.

आमचे हे यवतमाळला भगवानराव वकिलांकडे मुनशी. सकाळच्या एसटीने बाभुळगावहून जायचे, दिवेलागणीला परत यायचे. त्या कचेरीत त्यांनी उभा जन्म बांधकामाची भांडणं पाहिली. मालक म्हणतो ओटा सांगितला होता, ठेकेदार म्हणतो कधी सांगितला. जेवताना मला रोज ऐकवायचे, "सगळ्या भांडणांचं मूळ एकच, तोंडी बोलणं." त्यामुळे स्वतःचं घर बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी असा करारनामा लिहिला की भगवानरावांनीही हात जोडले. नकाशाबाहेर एक वीट हलवायची नाही. बदल हवा तर लेखी करायचा, त्यावर मालकाची सही, ठेकेदाराचा अंगठा आणि दोन्हीकडचा एकेक साक्षीदार. तोंडी सांगितलेलं कुणी सांगितलं नाही आणि कुणी ऐकलं नाही असंच धरायचं.

ठेकेदार रामलाल हा गावाबाहेरच्या बंजारा तांड्यातला. त्याचे आजे-पणजे बैलांवर धान्य-मीठ लादून मुलूखभर हिंडले, हा विटांकडे वळला. त्याचाही हात राळेगावला पोळला होता. एका व्यापाऱ्याने तोंडी सांगून वाढीव ओसरी बांधून घेतली आणि मग कानावर हात ठेवले. तेव्हा तांड्याचे नाईक गुलाबसिंग यांनी सगळ्या तांड्यासमोर त्याच्याकडून जबान घेतली, की कागदाबाहेरचं काम करायचं नाही आणि सुचवायचंही नाही. नाईकासमोर दिलेली जबान मोडली तर तांड्यात मान वर करून बसता येत नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही दोन पोळलेली तोंडं एकत्र आली आणि पाणीसुद्धा फुंकू लागली.

मला एकच गोष्ट हवी होती. स्वयंपाकघराला खिडकी. हौस म्हणून नाही. भाड्याच्या घरातल्या कोंदट खोलीत धुराने माझे डोळे कामातून चालले होते. सकाळी चिकटायचे, दुपारी गळायचे, तांदळातले खडे दिसेनासे झाले होते. यवतमाळच्या डॉक्टरांनी ह्यांच्यादेखत सांगितलं होतं, "बाई, धुरातून बाहेर पडा, नाहीतर डोळे गमवाल." ह्यांनी मान डोलावली, आणि घरी येऊन स्वतःच्या हाताने नकाशा काढला. बैठकीला खिडक्या, देवघराला झरोका, गोठ्यात गाईलाही वारा. स्वयंपाकघराला दार तेवढं. ज्या खोलीत माणूस जन्मभर फक्त जेवायला शिरला, तिथे चूल पेटते हे त्याला कसं आठवणार?

प्लॉट भाड्याच्या घराशेजारीच होता. भिंत कमरेएवढी आली तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"रामलाल, इथे खिडकीची जागा सोडली नाहीस."

त्याने थापी खाली ठेवली. "मलेबी तेच वाटून राह्यलं, बाई. धुरानं गुदमरून जासान तुमी इथं. पण नकाशात नाही."

"मग ह्यांना विचारायचं ना."

"मी कायले विचारू? मालकाले वाटंन, ठेकेदार काम वाढवून राह्यला. जबान देली म्या नाईकासमोर."

त्याची बायको मानीबाई बाजूला चिखल कालवत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फावडं इतक्या जोरात आपटलं की चिखल माझ्या लुगड्यावर उडाला. मला राग आला नाही. मलाही तेच करावंसं वाटत होतं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. नकाशा उघडून पाहिल्यावर ह्यांचे कान लाल झाले. वाटलं, आता उठतील, चार पावलांवर हत्यारं धुणाऱ्या रामलालला हाक मारतील आणि विषय संपेल. छे. म्हणाले, "राहिली खरी. पण तोंडी सांगून चालणार नाही. मीच नियम मोडला तर उद्या त्याला काय बोलू? बदलाचा कागद करू."

कागद झाला. ह्यांच्या बाजूचे साक्षीदार भगवानराव, रामलालच्या बाजूचे गुलाबसिंग नाईक. नाईक बैल घ्यायला पांढरकवड्याला गेलेले. भिंत खांद्यापर्यंत आली. म्हटलं, तोवर काम तरी थांबवा. तर काम थांबवण्याचं वेगळं कलम होतं, त्यालाही हेच साक्षीदार. नाईक आले, तर भगवानराव खटल्यासाठी नागपूरला. भिंत डोक्यावर गेली. दोघेही गवसले तेव्हा ह्यांच्या लक्षात आलं की कागदावरची तारीख शिळी झाली, नवा लिहायला हवा. नवा लिहून होईतो छप्पर चढलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

आणि दोघांचं सौजन्य तर विचारू नका. रामलाल म्हणायचा, "मालक म्हणतीन तसं." हे म्हणायचे, "तुझ्या सोयीने होऊ दे." माझे डोळे जात होते, आणि हे दोघे एकमेकांना पान-सुपारी देत होते.

वास्तुशांतीला दोन्ही साक्षीदार बैठकीत लोडाला टेकून बसले होते, रामलाल आणि मानीबाईही आले होते. मी आत चुली पेटवल्या. पुरण शिजेपर्यंत खोली धुराने अशी भरली की हातातला झारा दिसेना. चुलीवरची कढई उतरवायला गेले आणि फडकं सोडून थेट कडीवर बोटं टेकली. कळ मस्तकात गेली. मानीबाई धावत आली आणि तिने माझा हात घागरीत बुडवला.

"डोळे पाह्य तुये, याडी," ती तांड्याच्या बोलीत आईचं नाव घेत म्हणाली. "रगत उतरलं."

तेवढ्यात बैठकीत भगवानराव ह्यांना म्हणताना ऐकू आले, "श्रीकृष्णराव, करारनामा असावा तर असा. एवढं घर उभं राहिलं, पण वाकडा शब्द नाही." पुढचं वाक्य खोकल्यात गेलं. धूर तिथवर पोचला होता.

मी ओला हात तसाच घेऊन दारात उभी राहिले. गुलाबसिंग नाईक पागोट्याच्या शेवाने डोळे पुसत होते. हे छताकडे पाहत होते आणि रामलाल जमिनीकडे.

"वकीलसाहेब," मी म्हटलं, "ज्याची सही नाही, त्याला करार लागू होतो का?"

"छे, मुळीच नाही," भगवानराव सवयीने म्हणाले. आपण काय म्हणालो ते त्यांना नंतर समजलं.

"मानीबाई, तुझा अंगठा आहे का त्या कागदावर?"

"माया अंगठा कोन घेते, बाई?"

"माझी सहीही कुणी घेतली नाही. आण सब्बल."

ती बाहेर गेली. तिने लोखंडी सब्बलीने भिंतीवर बाहेरून पहिला घाव घातला तेव्हा फळीवरचे डबे हादरले. मी आतून डाव्या हाताने ढिल्या झालेल्या विटा ओढायला लागले. हे धावत आले. "अगं, काय करतेस? वरची भिंत बसेल. आधी टेकू द्यायला हवा."

"टेकू बाहेरून लागते, मालक," रामलाल म्हणाला.

"आतून."

"बाहेरून. आन् एवढं समजते तं नकाशात खिडकी काहून नाही काढली तुमी?"

"तुला दिसत होतं तर तू बोलला का नाहीस?"

हे दोन प्रश्न भिंत कमरेएवढी असताना कुणी विचारले असते तर! पण आता दोघांचेही आवाज चढले होते, टेकूसाठी वासा ओढता ओढता एकमेकांची उणीदुणी निघत होती. भगवानराव मधे पडायला उठले तसं नाईकांनी त्यांना धोतर धरून खाली बसवलं. "भांडू द्या, वकीलसाहेब. काम होऊन राह्यलं."

पलीकडून मानीबाईचं विटांच्या धुळीने माखलेलं तोंड दिसलं आणि धूर तिच्या डोक्यावरून बाहेर निघाला. तिच्यामागे लिंबाचं झाड होतं. भिंत डोक्यावर गेल्यापासून ते झाड मला दिसलंच नव्हतं.

मी सुपातले मूठभर तांदूळ तळव्यावर घेतले आणि त्या भगदाडापाशी उजेडात धरले. डोळे मिचकावत बराच वेळ पाहिलं. एक खडा दिसला. वेचून मी तो बाहेर टाकला.