एका घोटाची गोळी

गोळीवरचा लालसर थर ओल्या जिभेला लागताच सुटू लागायचा. म्हणून सालोमी ती जिभेच्या अगदी मागे ठेवायची आणि वर पाण्याचा एकच घोट घ्यायची. दुसरा नाही. चर्चमध्ये कम्युनियनचा प्रसाद घेण्याआधी पाणीही तोंडात घ्यायचं नाही, हा तिच्या आईचा नियम. गोळीपुरता तिने तो एका घोटाने मोडला होता.

"मम्मी, चहाबरोबर पाव तरी खा," सून रिटा आतून म्हणाली. "रिकाम्या पोटी गोळी नको म्हणून डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं."

"चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर खाईन."

"फादर म्हणतात ना, आता एका तासाचाच उपास. आजाऱ्यांना तोही नाही."

"मी कुठे आजारी आहे?" सालोमीने पदर डोक्यावर सारखा केला आणि ती निघाली.

चर्चच्या शाळेत तिने तीस वर्षं ओल्या फडक्याने फरशा पुसल्या होत्या. गुडघे तिथेच झिजले. गुडघेदुखीची ही गोळी डॉक्टरांनी दिली होती ती पाच दिवसांसाठी, जेवणानंतर घ्यायला. त्याच सुमारास तिचा नवरा सेबॅस्टियन गेला, आणि पाच दिवसांची दोन वर्षं झाली. रिकामी पट्टी दाखवली की दुकानदार नवी द्यायचा.

चर्चमध्ये दुसऱ्या बाकाची डावी कड त्या दोघांची होती. गुडघ्यांवरून उठताना सेबॅस्टियन तिच्या कोपराखाली हात धरायचा. धरताना वेदीकडे बघत राहायचा, जसा काही तो हात दुसऱ्याच कुणाचा होता. आता ती बाकाची कड धरून उठायची. गुडघे टेकून तिला काही वाटायचं नाही. रडू नाही की शांतता नाही. गोळीमुळे गुडघेही गप्प असायचे. तरी ती टेकायची. मागे भिंतीलगत एक बाक होता, गुडघे टेकता न येणाऱ्या बायकांसाठी. त्याच्याकडे न बघता ती रोज पुढे जायची. ती तिकडे गेली असती तर दुसऱ्या बाकावरची ती कड कुणीतरी भरली असती.

त्या दिवशी उठताना समोरची भिंत सरकली. शेजारच्या क्लेमेंटीनने तिला दंडाला धरून बाकावर बसवलं.

"सालू, पडशील अगं! तोंड बघ, खडूसारखं पांढरं झालंय. आज पण काही न खाता आलीस ना? संत व्हायची घाई झालीय बाईला!"

मिस्सा अर्ध्यावर सोडून क्लेमेंटीनने तिला रिक्षाने आगाशीच्या बाजारातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर उन्नती राऊतांनी नाडी बघितली, मग तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आतली त्वचा फिकट होती.

"मावशी, संडासला काळं होतं का? डांबरासारखं, चिकट?"

सालोमीने क्लेमेंटीनकडे बघितलं. क्लेमेंटीन खिडकीबाहेर बघू लागली.

"होतं. आठवडा झाला असेल."

"पोटात जळतं?"

"जळतं. पण त्याची कॅप्सूल आहे माझ्याकडे. जळलं की घेते." तिने पिशवीतून अर्धी पट्टी काढली. "आमच्या पीटरच्या पप्पांची. ते गेल्यावर शिल्लक राहिली होती."

डॉक्टरांनी पट्टी उलटी केली. तारीख कधीच होऊन गेली होती.

"ही ॲसिड कमी करायची. जळल्यावर नाही, आधी घ्यायची. सकाळी खाण्याच्या अर्धा तास आधी. मग खायचं. मग भरल्या पोटी दुखण्याची गोळी, तीही सांगितली तितकेच दिवस. तुमचं सगळंच उलटं झालंय."

"मग आता सुलट घेते."

"आता ती गोळीच बंद. पोटात जखम झालीय, रक्त जातंय. नुसती कॅप्सूल घेऊन हे भागणार नाही. आजच, आत्ताच ॲडमिट व्हायचं."

"आणि गुडघे?"

"गुडघे दुखतील, मावशी. साधी गोळी देऊ. पण दुखतील."

सालोमीने मान हलवली. दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकावं तसं तिने ते ऐकलं.

हॉस्पिटलात घशातून नळी घालून जखम बघितली, रक्त चढवलं. मुलगा पीटर कुवेतहून शेजारच्यांकडे फोन करत राहिला, आणि रिटा प्रत्येक वेळी धावत जाऊन त्याला तेच सांगत राहिली.

घरी आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सालोमीने नवी कॅप्सूल पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घेतली. अर्धा तास ती ओट्यावर बसून राहिली. मग रिटाने चहा आणि पाव आणून ठेवला. कम्युनियनआधी पाव खाताना आपल्याला पाप लागल्यासारखं वाटेल, अशी तिची समजूत होती. तसंही काही वाटलं नाही. पाव मऊ होता. तिने तो सगळा खाल्ला.

चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर क्लेमेंटीनने आपली पर्स तिच्या जागेवर ठेवली होती.

"ये गं, जागा धरलीय तुझी. परेरांची नवी सून बसायला बघत होती, डोळे वटारून मागे पाठवली तिला."

सालोमी बाकांमधल्या वाटेवर उभी राहिली. गुडघे दुखत होते. उजवा जास्त, डावा थोडा कमी. बाकाच्या कडेवरचं पॉलिश एका जागी गेलं होतं. तिने तिथे क्षणभर हात ठेवला आणि काढून घेतला.

"तिला बोलाव," ती म्हणाली. "बसू दे इथे."

"आणि तू?"

"मी मागे बसते. आता मी गुडघे टेकणार नाही."