चौदा नंबरची फाईल

"नंबर त चौदाच शे, पण हाई फाईल तुन्ही नही," धुडकू कारकून म्हणाला आणि फाईल पुन्हा पहिल्या पानापासून चाळू लागला.

समोर डोंगरातल्या उंबरपाणीचा रायसिंग उभा होता. त्याच्या बापाने जंगलातली जमीन तिथे शेतीला बंदी येण्याआधीपासून कसली, असा जबाब अठ्ठेचाळीस साली मोजणीदाराने लिहून घेतला होता. खाली बापाचा अंगठा होता. बाप आता नव्हता. सोमवारी शेत खाली करायला सरकारी माणसं येणार होती, आणि तो जबाब दाखवला तरच ती परत जाणार होती.

हातातली फाईल त्याच गावच्या दुसऱ्या पाड्यावरच्या गुलाबसिंगची होती. ते नाव वाचलं आणि धुडकूने फाईल मिटली.

गेल्या वर्षी, एकसष्ट साली, वरून हुकूम आला होता: सगळ्या फायलींना एकाच साच्याची नावं द्या. गाव आणि नंबर. मधलं सगळं गाळा. धुडकूने अडीच हजार फायलींवर तीन आठवड्यांत नवी नावं घातली, शाबासकीही मिळवली. मधे असायचं ते पाड्याचं नाव. पाडा म्हणजे आपल्या शहाद्यातली गल्ली, असं हा शहाणा समजला. बावीस वर्षं पायथ्याच्या कचेरीत डोंगराचे कागद सांभाळले, पण घाट एकदाही चढला नाही. उंबरपाणीला पाडे पाच, आणि प्रत्येकाचे नंबर एकपासून. पाडा गाळल्यावर एकाच नावाच्या पाच-पाच फायली झाल्या. वरची ठेवून बाकीच्या त्याने दुबार म्हणून रद्दीच्या पोत्यांत भरल्या. उघडूनसुद्धा पाहिल्या नाहीत. ती पोती कधीच लगद्याला गेली होती.

साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले की झालं ते नियमाप्रमाणेच आहे. अभिलेख उपलब्ध नाही, एवढं लिहून द्या. धुडकूचा हात ते लिहायला धजेना.

"तुन्हा बापना अंगठा मीच रद्दीमा फेका, रायसिंग," तो म्हणाला.

रायसिंग हळूच म्हणाला, "आमना पाडाले नाव शे, भाऊसाहेब. एक डाव घाट चढीसन देखाले जोयजे व्हतं."

सोमवारी धुडकू रजा टाकून घाट चढला. आपण साक्ष देऊ, कारकुनाच्या शब्दाला काही किंमत असेलच, असं त्याला वाटत होतं. आधी गुलाबसिंगचा पाडा लागला. रायसिंगचा कुठे, असं विचारल्यावर तिथल्या म्हाताऱ्याने दरीपलीकडच्या डोंगराकडे हात केला. उतरून पुन्हा चढायला तीन तास लागले. पन्नाशीचा धुडकू त्या वाटेवर रडला.

पोचला तेव्हा कुंपण मोडून झालं होतं. सरकारी माणसांच्या मुकादमाने त्याचं सगळं ऐकून घेतलं, कागद मागितला, आणि कागद नाही म्हटल्यावर माणसांना झोपडीकडे पाठवलं. रायसिंग बांधावर बसून होता.

सामान अंगणात आलं. रायसिंगची बायको त्या ढिगात वाकून काहीतरी शोधत होती. शेवटी तांब्या सापडला. तिने तो पदराने पुसला, पाण्याने भरला आणि धुडकूपुढे धरला. पाहुणा लांबून चालत आला होता. त्याचं पिऊन होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.