कर्स्टनने धरून ठेवलेला पाळणा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पाळणा आहे. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत एक पाळणाघर आहे. त्याच्या माळ्यावर माझा मुक्काम असतो. डोंगरावरून वारा सुटला की मला अजून वाटतं, कुणीतरी मला घट्ट धरून बसलंय.

माझा जन्म मुलुंडच्या एका सुताराच्या हातून झाला. बँकेतल्या एका साहेबांनी नातवासाठी मला हौसेने करून घेतलं. बारशाला झेंडूच्या माळा, वर रंगीत कापडी चिमण्यांचं चिमणाळं, तेव्हाचा माझा तोरा काय वर्णावा! पण नातवंडं मोठी झाली आणि मी अडगळ झालो. कुणी माझ्यात रद्दी टाकी, कुणी कांदे. शेवटी साहेबांच्या सुनेने मला या पाळणाघराला देऊन टाकलं.

गिरण्यांचा संप झाला आणि वस्तीतल्या कितीतरी बायका कामाला लागल्या. कोकणातली मालन त्यांतलीच. नवरा घरी बसला, म्हणून ती कारखान्यात पाकिटं भरायला जाई. तिची तान्ही अनुपमा, आमची अनू, दिवसभर माझ्यात अंगठा चोखत निजे.

त्याच वर्षी डेन्मार्कहून कर्स्टन आली. समाजकार्य शिकणारी मुलगी, इथल्या कामाचा अनुभव घ्यायला आलेली. मराठी मोडकंतोडकं, पण कामाला वाघ. पाळणाघर चालवणाऱ्या द्रौपदीबाई म्हणत, "पोरगी झकास आहे हो!"

मग अनूला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. तिला सरकारी इस्पितळात ठेवलं आणि मी रिकामा झालो. दुपारी कर्स्टन माझ्याशेजारी येऊन बसली. तिला अनूची आठवण येत होती. तिने मला हळूच झोका दिला आणि तिच्या भाषेतलं कसलंसं गाणं गुणगुणू लागली. मला ओरडावंसं वाटलं. रिकामा पाळणा हलवू नये, बाळावर संकट येतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

नेमकी तेव्हाच मालन दुपटं न्यायला आली.

"माजा चेडू, माजी अनू, थंय सलाईनवर आसा, नि तू रिकामो पाळणो हलयतंस?" तिचा आवाज फाटला. "आता ता वाचाचा नाय. मी तेका घेवन गावाक जातंय, भगताकडे."

"मालन, इस्पितळातून काढलंस तर पोर वाटेतच जाईल गं!" द्रौपदीबाई तिला आवरू लागल्या. त्यांनी कर्स्टनला सगळा प्रकार सांगितला. ती पांढरीफटक पडली.

"पण हे खरं नाही ना, बाई?"

"खरं-खोटं नंतर बघू. आधी पोरगी इस्पितळात राहिली पाहिजे."

कर्स्टन मालनपुढे जाऊन उभी राहिली. "मी हलवला. आता मी काय करू, सांग."

मालनने तिचा हात ओढला आणि माझ्या कठड्यावर दाबला. "धर. माजा चेडू परत येयपर्यंत हलाक देव नको. तरच मी तेका थंय ठेवतंय."

आणि कर्स्टनने मला धरलं. जेवण द्रौपदीबाईंनी भरवलं. डोळा लागायची वेळ आली, तेव्हा तिने माझी दोरी मनगटाला गुंडाळली. तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या मृणालिनी मॅडम आल्या आणि चिडल्या, "अगं, तू अंधश्रद्धेला खतपाणी घालते आहेस!"

"हो. पण अनू इस्पितळात आहे," कर्स्टन म्हणाली. तिने हात काढला नाही.

खरं सांगू? वारा आला की मीच हलू बघत होतो. माझ्यात कुणी नव्हतं, तरी मला वजन जाणवत होतं, अंगठा चोखल्याचा आवाज येत होता. तो कर्स्टनलाही येत असावा. ती मध्येच आत वाकून बघायची.

एका सकाळी मालन आली. एकटीच. हातात दुपटं होतं.

कर्स्टन रडू लागली, तरी तिचा हात सुटेना. मालन खाली बसली आणि तिची बोटं एकेक करून सोडवू लागली.

"डॉक्टरांनी खूप केल्यानी. तूय केलंस. आता सोड गो." शेवटचं बोट सोडवून ती म्हणाली, "आणि घराक पळान जाव नको. आता गेलंस तर तुका जल्मभर वाटात, माज्यामुळे झाला. माकाय तसाच वाटात. हंयच रव."

कर्स्टन राहिली. शिकण्याची मुदत संपेपर्यंत ती पाळणाघरात होती. मालन कामावरून येताना तिच्याजवळ थोडा वेळ बसायची. मला मात्र पुन्हा कुणी टांगलं नाही. आयांना माझी भीती वाटू लागली.

मित्रांनो, तुम्हीही कधी दूरदेशी शिकायला जाल. तिथल्या वस्तू तुमच्या घरच्यासारख्याच दिसतील. हात लावण्याआधी एकदा विचारा. चुकून लावलाच, तर पळू नका, त्या माणसांजवळ थांबा.

आणि जमलं तर मला माळ्यावरून खाली काढा. अनू माझ्यामुळे गेली नाही, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. एखादं बाळ माझ्यात निजवा, म्हणजे मला ते कळेल.