हातांना बंदी

दाराच्या कुलुपात किल्ली फिरली तशी सासूबाईंनी दोन्ही हात मांड्यांखाली सरकवले आणि शहाण्या मुलीसारख्या भिंतीला टेकून बसल्या. समोर त्यांची नात चिऊ बोटांचं पाखरू अर्धवट उडवून तशीच थांबली.

"आई, पुन्हा हातवारे चालले होते ना?" सुनेनं पर्स खुंटीला अडकवत विचारलं.

"छे गं. हातांवरच बसलेय की."

सासूबाईंची उभी हयात कापडगिरणीत गेली होती. मागांच्या खडखडाटात शेजारणीची हाकही ऐकू येत नसे, म्हणून तिथल्या बायका हातांनी बोलत. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या नवऱ्यानं काय दिवे लावले, सगळं दोन मागांच्या मधल्या जागेत अगदी रंगवून सांगितलं जाई. गिरणी बंद पडली, पण सवय सुटली नाही. नातीला भरवताना, न्हाऊ घालताना त्या हातांनीच गोष्टी सांगत आणि तीही डोळे विस्फारून बघत राही.

पण चिऊला तिसरं सरत आलं तरी तोंडातून शब्द फुटत नव्हता. कान ठणठणीत होते. डॉक्टर म्हणाले होते, वाट पाहा. सून दिवसभर हेडफोन लावून परक्या माणसांच्या तक्रारी ऐकत असे आणि घरी येऊन एका 'आई'साठी जीव टांगणीला लावून बसे. हातांनीच सगळं मिळतंय तर पोर तोंड कशाला उघडेल, असं तिनं ठरवून टाकलं होतं. परवा तिनं स्पष्टच सांगितलं, हातवारे थांबले नाहीत तर चिऊ पाळणाघरात जाईल. त्या रात्री सासूबाईंना घास गेला नाही.

सुनेनं चिऊला मांडीवर घेतलं.

"म्हण बघू राणी, आ-ई."

चिऊनं म्हटलं नाही. तिनं आईच्या दंडावर दोन बोटं उभी केली. एकेक पायरी उतरावी तशी ती बोटं हळूहळू मनगटाकडे चालू लागली. मध्येच सटकली. सगळा पंजा पालथा पडला. मग चिऊनं आजीकडे बोट दाखवलं.

"काहीतरी खेळतेय झालं," सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या.

चिऊनं गुडघा चोळला, तोंड वाकडं केलं आणि ओठांवर बोट ठेवून आईकडे पाहिलं. अगदी आजीसारखं.

सून उठली. तिनं सासूबाईंच्या साडीची कड वर केली. गुडघा काळानिळा पडला होता.

"केव्हा पडलात?"

"दुपारी. जिन्यात." सासूबाईंनी साडी पुन्हा गुडघ्यावर ओढली. "मला पोर सांभाळवत नाही म्हणून तू तिला पाळणाघरात घालशील, म्हणून बोलले नाही."

सून तिथंच फरशीवर बसली. दुपारी ती घरात नव्हती, तरी जिन्यातलं सगळं तिला आत्ता दिसलं होतं. माणसाला शब्द फुटले नव्हते तेव्हाही कुणीतरी कुठंतरी घसरून पडलंच असेल, आणि कुणीतरी धापा टाकत येऊन घरच्यांना ते असंच सांगितलं असेल. ती मात्र इतके दिवस एका शब्दाची वाट बघत बसली होती. तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं.

डोळे पुसून तिनं तळवा उताणा केला, भुवया उंचावल्या. मग?

चिऊ खुलली. तिनं एक हात नाकाशी धरून झुलवला, दुसऱ्यानं कान फडफडवला. जागच्या जागी डुलत डुलत जिना चढून आली, आजीच्या कमरेला विळखा घालून तिला उचलल्यासारखं केलं आणि दारात अलगद ठेवलं.

सासूबाई गडबडल्या. "हत्ती नव्हता गं. खरंच सांगते, भिंत धरून उठले मी."

"आई, मध्ये बोलू नका," चिऊवरची नजर न काढता सून म्हणाली. "गोष्ट चाललीय."